वाटीभर म्हणजे किती?

“सकाळी दोन पोळ्या, वाटीभर वरण, थोडासा भात आणि रात्रीही तेवढेच. तरी वजन काही उतरत नाही!” ही तक्रार शिक्षकांच्या खोलीत, बसथांब्यावर आणि लग्नाच्या पंगतीतही आपण सर्वांनी ऐकलेली आहे. बोलणारी व्यक्ती खोटे बोलत नसते. पण तिचे वाक्य विज्ञानाच्या नजरेने तपासले तर काय दिसते? दोन, वाटीभर, थोडासा आणि तेवढेच अशी चार परिमाणे त्यात आहेत आणि त्यांपैकी एकालाही एकक नाही. पोळी केवढी? वाटी कोणती? थोडासा म्हणजे किती? प्रयोगवहीत विद्यार्थ्याने ‘लांबी = ५’ एवढेच लिहिले तर आपण त्याचे गुण कापतो. स्वयंपाकघरात मात्र हेच चालवून घेतो.

वजन कमी करताना आहार मोजायचा म्हणजे प्रत्येक घास तराजूत टाकायचा असे नव्हे. तसे कोणी फार दिवस करू शकत नाही. काय मोजायचे, केव्हा मोजायचे आणि कशाने मोजायचे हे ठरवता आले म्हणजे पुरे. या लेखात आपण तेच पाहू.

तूट लहान, चूक मोठी

बोलताना आपण ज्याला कॅलरी म्हणतो, ती आहारशास्त्रात खरे तर किलोकॅलरी असते. १ लिटर पाण्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवण्यासाठी लागणारी उष्णता म्हणजे १ किलोकॅलरी. सोयीसाठी तिला आपण ‘उष्मांक’ म्हणू. अमेरिकेतील विल्बर ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केलेल्या कामातून आजही वापरात असलेले आकडे मिळाले. १ ग्रॅम पिष्टमय पदार्थ किंवा प्रथिने यांपासून शरीराला सुमारे ४ उष्मांक मिळतात, तर १ ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून सुमारे ९.

शरीरातील १ किलो चरबीयुक्त ऊतीत सुमारे ७७०० उष्मांक साठवलेले असतात. समजा, एका व्यक्तीचा रोजचा खर्च २००० उष्मांक आहे. महिन्याला साधारण १ किलो वजन उतरावे असे तिला वाटत असेल, तर रोज सुमारे २५० उष्मांकांची तूट हवी. म्हणजेच आहारात १२-१३ टक्के घट. आता तिचा खाण्याचा अंदाज १५ टक्क्यांनी चुकला तर? चूक ३०० उष्मांकांची, तूट २५० ची. महिनाभर मन मारून केलेली काटकसर मोजमापातल्या चुकीने गिळून टाकली! ज्या उपकरणाची चूक मोजायच्या राशीपेक्षा मोठी आहे, त्याने ती राशी मोजता येत नाही, हा प्रयोगशाळेतला साधा नियम इथेही लागू पडतो.

चूक एकाच बाजूला झुकते

चुका दोन प्रकारच्या असतात हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. यादृच्छिक चुका कधी जास्त, कधी कमी अशा होतात आणि सरासरी काढली की बऱ्याच अंशी एकमेकींना छेद देतात. पद्धतशीर चुका मात्र नेहमी एकाच बाजूला झुकतात, त्या सरासरीने जात नाहीत. खाण्याचा अंदाज दुसऱ्या प्रकारात मोडतो.

याचा एक गाजलेला पुरावा १९९२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कमधील संशोधकांनी अशा दहा स्थूल व्यक्ती निवडल्या, ज्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांचा आहार रोज १२०० उष्मांकांहून कमी होता आणि तरीही वजन घटत नव्हते. त्यांचा प्रत्यक्ष ऊर्जाखर्च समस्थानिकांच्या साहाय्याने मोजला गेला. पाण्यातील हायड्रोजन व ऑक्सिजन यांची जड पण किरणोत्सारी नसलेली समस्थानिके असलेले पाणी पिण्यास द्यायचे आणि ती शरीरातून किती वेगाने बाहेर पडतात ते तपासायचे. दोन वेगांतील फरकावरून किती कार्बन डायऑक्साइड तयार झाला, म्हणजेच किती ऊर्जा खर्च झाली, ते कळते. निष्कर्ष असा, की या व्यक्तींचा चयापचय मंद नव्हता. त्यांनी आपले खाणे सरासरी ४७ टक्क्यांनी कमी आणि शारीरिक हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त नोंदवली होती.

यात लबाडी शोधण्याचे कारण नाही. उभ्याउभ्या तोंडात टाकलेले शेंगदाणे, चहातली साखर, मुलाच्या ताटात उरलेला घास या गोष्टी ‘जेवण’ म्हणून लक्षातच राहत नाहीत. शिवाय ज्या मापाने आपण आठवतो, ते मापच सैल असते.

बाजार वजनावर, स्वयंपाकघर वाटीवर

आपल्याकडे धान्य पूर्वी आकारमानाने मोजले जाई. २ चिपटी म्हणजे १ मापटे, २ मापटी म्हणजे १ शेर आणि ४ शेर म्हणजे १ पायली. हे कोष्टक आजी-आजोबांना पाठ असे. १९५६ च्या कायद्यानंतर आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने दशमान पद्धत आली. नागपूरच्या इतवारीतला धान्य व्यापार किलो-क्विंटलवर गेला. परंतु धान्य घरी पोचले, की आपण पुन्हा आकारमानाकडे वळतो. वाटी, चमचा, पळी, मूठ आणि चिमूट ही आजही आपल्या स्वयंपाकघराची मापे आहेत.

आकारमानाने मोजण्यात तत्त्वतः काही वाईट नाही. अडचण दोन ठिकाणी येते. पहिली, वाटी प्रमाणित नसते. एकाच घरात १०० मिलिलिटरची आणि २०० मिलिलिटरची अशा दोन्ही वाट्या सापडतील. दुसरी, आकारमान तेच असले तरी पदार्थागणिक वजन बदलते. १५० मिलिलिटरच्या वाटीत तांदूळ सुमारे १२० ग्रॅम मावतात, कणीक ८०-९० ग्रॅम आणि पातळ पोहे त्याच्या निम्म्याहूनही कमी. कणीक दाबून भरली तर आकडा आणखी बदलतो, कारण कणांमधली हवा निघून जाते.

यावर उपाय सोपा आहे. घरातली एक वाटी आणि एक चमचा ‘आपले माप’ म्हणून ठरवावा. वाटीत काठोकाठ पाणी भरून ते मोजपात्रात ओतावे. मोजपात्र नसेल तर वाटी रिकामी आणि भरलेली अशी दोनदा तोलावी. पाण्याची घनता १ असल्याने जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. मग त्याच वाटीत तांदूळ, डाळ, कणीक व पोहे सपाट भरून तोलावे आणि आकडे एका कागदावर लिहून स्वयंपाकघरात चिकटवावे. हे अंशांकन एकदाच करायचे आहे.

शीग आणि व्यास

माप सपाट की शीग लावून, यावरून बाजारात पूर्वी वाद होत. तो वाद किती रास्त होता, याचा हिशेब दहावीचे विद्यार्थी करू शकतील. वाटी वृत्तचितीच्या आकाराची आहे, त्रिज्या ४ सेंमी आणि उंची ३ सेंमी असे माना. तिचे घनफळ π × ४² × ३, म्हणजे सुमारे १५१ घनसेंमी. तिच्यावर भाताची २.५ सेंमी उंचीची शंकूच्या आकाराची शीग आली, तर तिचे घनफळ ⅓ × π × ४² × २.५, म्हणजे सुमारे ४२ घनसेंमी. ‘एक वाटी’ म्हणता म्हणता २८ टक्के भात जास्त वाढला गेला!

पोळीचेही तसेच. १६ सेंमी व्यासाची आणि २० सेंमी व्यासाची पोळी शेजारी ठेवली तर फरक किरकोळ वाटतो. पण जाडी सारखी असेल तर कणीक व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात लागते आणि (२० ÷ १६)² = १.५६. लहान पोळीला ३० ग्रॅम कणीक लागत असेल तर मोठीला सुमारे ४७ ग्रॅम लागेल. १०० ग्रॅम कणकेत सुमारे ३४१ उष्मांक असतात. म्हणजे पोळीमागे ५८ उष्मांकांचा फरक आणि चार पोळ्यांमागे २३२. आपल्याला हवी असलेली रोजची तूट जवळजवळ एवढीच होती. म्हणून पोळ्या मोजण्यापेक्षा कणकेचा गोळा एकदा तोलून हाताला त्याचा अंदाज करून द्यावा.

कच्चे मोजा, शिजलेले वाटा

१०० ग्रॅम तांदळात सुमारे ३४५ उष्मांक असतात. शिजल्यावर त्याचा भात, पाणी किती घातले यानुसार, अडीच ते तीन पट वजनाचा होतो. पाण्याला उष्मांक नसतात. म्हणून १०० ग्रॅम भातात मोकळ्या भाताच्या बाबतीत १३८, तर मऊ भाताच्या बाबतीत ११५ उष्मांक निघतील. शिजलेल्या पदार्थाचे वजन फसवे असते ते यामुळे.

ही गोष्ट शाळेतील शिक्षकांना नव्याने सांगायला नको. शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गातील प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजीपाला आणि ५ ग्रॅम तेल हे प्रमाण ठरलेले आहे आणि ते कच्च्या मालाचे आहे. १२० मुले हजर असतील तर १२ किलो तांदूळ काढून दिले जातात. खिचडी किती वाट्या झाली हे नंतरचे. तांदळाचे ३४५, तूरडाळीचे ६७ आणि तेलाचे ४५ उष्मांक मिळवले की ४५७ होतात. वर भाजीचे थोडे. ठरवून दिलेल्या ४५० उष्मांकांचा हा हिशेब विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावा.

पण घरात सर्वांचे एकत्र शिजते. त्यात आपल्या वाट्याला किती आले हे कसे कळावे? याचे उत्तर आपल्याच देशातील आहार-सर्वेक्षणांनी दिले आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या देखरेखीखाली १९७२ मध्ये राष्ट्रीय पोषण संनियंत्रण विभागाचे काम सुरू झाले. त्याचे कार्यकर्ते प्रमाणित मापांचा संच घेऊन घरोघर जात आणि आदल्या दिवशी काय शिजले, कोणी किती खाल्ले ते विचारीत. त्यांचा गुणोत्तराचा नियम असा:

आपण खाल्लेला कच्चा जिन्नस = घरात शिजवलेला एकूण कच्चा जिन्नस × आपण खाल्लेल्या वाट्या ÷ शिजून झालेल्या एकूण वाट्या

उदाहरणार्थ, चौघांसाठी १५० ग्रॅम तूरडाळ आणि १५ ग्रॅम तेल घेऊन फोडणीचे वरण केले. ते १० वाट्या झाले. आपण २ वाट्या घेतल्या. म्हणजे आपल्या पोटात ३० ग्रॅम डाळ आणि ३ ग्रॅम तेल गेले. डाळीचे सुमारे १०० उष्मांक, तेलाचे २७, एकूण १२७. वरण पातळ केले की घट्ट, याने हिशेब बिघडत नाही, कारण पाणी भागाकारात आपोआप निघून जाते. वाटी किती मिलिलिटरची आहे हेही इथे माहीत असावे लागत नाही; दोन्ही वेळा तीच वाटी वापरली म्हणजे झाले.

तर्रीचा प्रश्न

या नियमाला एक अट आहे. पदार्थ एकजीव असला पाहिजे. नागपूरकरांना ही अट लगेच अडचणीची वाटेल, कारण आपली तर्री एकजीव नसते. तेलाची घनता सुमारे ०.९२, म्हणजे पाण्यापेक्षा कमी. ते पाण्यात विरघळत नाही. म्हणून रस्सा जरा स्थिर झाला की लाल तवंग वर येतो. वाढणाऱ्याने पळी वरवर फिरवली तर एकाच्या बशीत तेल जास्त पडते आणि भांड्याच्या तळातून घेतली तर दुसऱ्याच्या बशीत चणे जास्त. दोघांनीही ‘एक प्लेट तर्री-पोहे’च खाल्लेले असतात!

हिशेब करून पाहू. एका प्लेटमध्ये ६० ग्रॅम पोहे धरले तर २०८ उष्मांक. २० ग्रॅम कोरड्या चण्यांचे ७२. पोह्यांच्या फोडणीत १० ग्रॅम तेल धरले तर ९०. एकूण ३७०. आता तवंगातून १५ ग्रॅम तेल जास्तीचे आले तर १३५ उष्मांक वाढले. डोळ्यांना प्लेट तेवढीच दिसते. सावजी रश्श्याला किंवा पाटवडीच्या रश्श्यालाही हेच लागू आहे. संख्याशास्त्राच्या भाषेत ही नमुना निवडीतील चूक होय. घरी उपाय सोपा: तेल कढईत पडण्यापूर्वीच मोजावे आणि वाढताना रस्सा तळापासून ढवळावा. बाहेर खाताना मात्र मोजमाप शक्य नसते. तेथे ‘तर्री कमी’ असे सांगणे हाच उपाय.

दहा ग्रॅमची चूक

सगळेच पदार्थ सारख्याच काळजीने मोजावेत का? अंदाजात १० ग्रॅमची चूक झाली तर किती उष्मांकांचा फरक पडेल ते पाहा. हे आकडे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या, १९७१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या कोष्टकावरून काढले आहेत. संस्थेने २०१७ मध्ये नवे कोष्टक काढले. त्यात काही आकडे थोडे बदलले, क्रम मात्र तोच राहतो.

तेल किंवा तूप : ९०
शेंगदाणे : ५७
साखर : ४०
तांदूळ, पोहे, कणीक, डाळ (कच्चे) : ३४ ते ३५
शिजलेला भात : सुमारे १२
संत्रे : ५
पत्ताकोबी : ३

पत्ताकोबीच्या भाजीत १०० ग्रॅमची चूक झाली तरी २७ उष्मांकांचाच फरक पडतो. तेलाच्या बाबतीत एवढा फरक अवघ्या ३ ग्रॅमने होतो. म्हणून काटेकोरपणा कुठे खर्च करायचा ते ठरते. तेल, तूप, शेंगदाणे, खोबरे आणि साखर तराजूने किंवा सपाट चमच्याने मोजावी. धान्य आणि डाळी ठरलेल्या वाटीने, कच्च्या असताना मोजाव्यात. पालेभाज्या, काकडी, टमाटे आणि संत्री यांना डोळ्यांचा अंदाज पुरे.

५ मिलिलिटरच्या चमच्यात ४.६ ग्रॅम तेल मावते, म्हणजे ४१ उष्मांक. फोडणीला ३० मिलिलिटरची पळी भरून तेल घातले तर सुमारे २४८. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत २००० उष्मांकांच्या दिवसभराच्या ताटासाठी तेल-तूप २७ ग्रॅम धरले आहे. ते साधारण सहा लहान चमचे होते. महिन्याला घरात तेलाच्या किती पिशव्या येतात त्याला माणसांनी आणि दिवसांनी भागले, तर आपण कोठे आहोत हे तराजूशिवायही कळेल.

न मोजता चालेल का?

मोजण्याचा कंटाळा असणाऱ्यांसाठी एक वेगळी वाट आपल्या नागपूरच्याच डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) यांनी सुचवली होती. खाल्ले की इन्सुलिन स्रवते, म्हणून खाण्याच्या वेळा दोनच ठेवाव्यात असे त्यांचे सांगणे होते. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दोन वेळा आणि प्रत्येकी ५५ मिनिटे असे सुटसुटीत रूप देऊन ही पद्धत महाराष्ट्रभर पोचवली. येथे ग्रॅम मोजायचे नसून वेळा मोजायच्या आहेत. मधले फराळ, चहातली साखर, मूठभर दाणे अशी न आठवणारी खाणी यात आपोआप बंद होतात, हा मोठा फायदा. परंतु वेळ पाळल्याने उष्मांकांचा हिशेब रद्द होतो काय? चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर केलेला प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना सारखेच मर्यादित उष्मांक दिले होते. एका गटाने ते दिवसातील आठ तासांतच खायचे होते. वजनातील घट वेळ पाळणाऱ्या गटात ८ किलो, दुसऱ्यात ६.३ किलो होती आणि हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय ठरला नाही. म्हणजे वेळेचे बंधन हे कमी खाण्याचे एक साधन आहे; प्रमाण त्यालाही चुकत नाही. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा किंवा प्रमाण बदलू नये. रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

शेवटची तपासणी

इतके करूनही आपला आकडा बरोबर आहे हे कशावरून? पडताळा घेण्याचे साधन आहे वजनकाटा. पण त्याचीही एक खोड आहे. लिटरभर पाणी प्यायले की वजन १ किलोने वाढते. खारट खाणे, घाम, पोट साफ होणे या सर्वांमुळे दिवसाकाठी किलोभराचा चढउतार सहज होतो. म्हणून रोज सकाळी एकाच वेळी वजन करून आठवड्याची सरासरी काढावी आणि सरासऱ्यांची तुलना करावी. चार आठवड्यांत सरासरी हलली नाही, तर मोजमापात कोठेतरी गळती आहे असे समजून प्रथम तेल, दाणे आणि साखर यांकडे पाहावे. तसेच वजन उतरू लागल्यावर शरीराचा ऊर्जाखर्चही कमी होतो. त्यामुळे तेवढ्याच आहारात उताराचा वेग पुढे मंदावतो. महिन्याला १ किलोचा हिशेब वर्षभर तसाच चालत नाही.

वर्गात काय करावे?

वर्गात तीन प्रयोग सहज होतील. प्रत्येकाने घरून एक वाटी आणावी, तिचे आकारमान मोजावे आणि सर्वांच्या आकड्यांचा स्तंभालेख काढावा. सपाट आणि शीग लावलेल्या मापातील तांदूळ तोलून वरचे गणित तपासावे. काचेच्या पात्रात पाणी आणि थोडे तेल घेऊन, वरून आणि तळातून चमचा भरून तवंगाचा प्रश्न पाहावा.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. वाट्या मोजाव्यात, मुले मोजू नयेत. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील २४ टक्के स्त्रिया व सुमारे २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे आढळले, तर त्याच सर्वेक्षणात सुमारे १९ टक्के स्त्रिया व १६ टक्के पुरुष कमी वजनाचे होते. आपल्या वर्गात दोन्ही प्रकारच्या घरांतील मुले शेजारी बसतात. वाढत्या वयात आहार तोडणे हे वैद्यकीय सल्ल्याशिवाय करण्याचे काम नव्हे. सर्वांसमोर वजन सांगून चिडवले गेलेले मूल आहारशास्त्र शिकत नाही, ते डबा लपवायला शिकते. त्यापेक्षा घरातली वाटी किती मिलिलिटरची आहे आणि तिच्यात काय किती ग्रॅम मावते, एवढे प्रत्येकाने कागदावर लिहून घरी न्यावे. ज्याला पुढे त्याची गरज पडेल, त्याच्या हाती निदान एकक असेल.